ड्राफ्टिंगचा पेपर पहिल्यांदा शिकवताय? आधी कागदांचा गठ्ठा द्या, नमुना नंतर

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या कायदे शिक्षण नियमांत ड्राफ्टिंग, प्लीडिंग आणि कन्व्हेयन्सिंगचा, म्हणजे दावे, अर्ज आणि दस्त लिहिण्याचा पेपर सक्तीचा आहे. त्याची आखणी स्पष्ट आहे : मसुद्यांचे किमान १५ सराव, दस्तांचे १५ सराव, प्रत्येकी ३ गुण म्हणजे ९० गुण, आणि उरलेले १० तोंडी परीक्षेला. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक महाविद्यालयांत मागच्या वर्षीची जर्नल फिरते आणि विद्यार्थी तीसही सराव सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात. सनद घेऊन पैठणच्या किंवा अंबाजोगाईच्या कोर्टात उभा राहिल्यावर समोर पक्षकार बसतो, सातबारा पुढे करतो, आणि नव्या वकिलाला दाव्याचे पहिले कलम (क्रमांक दिलेला परिच्छेद) सुचत नाही. त्याने नमुना पाहिलेला असतो, पण कागदांतून दावा उभा करणे कधी केलेलेच नसते.

हा लेख मराठवाड्यातल्या विधी महाविद्यालयांत हा पेपर नव्याने हाती घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या वकिलांसाठी आहे. वर्गात साधारण ६० विद्यार्थी आणि हाती एक सत्र आहे असे धरले आहे.

१. सत्र सुरू होण्याआधी गठ्ठे तयार करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पाच गठ्ठे पुरतात : शेताच्या धुऱ्याचा (बांधाचा) वाद, वाटणीचा दावा, न वटलेला धनादेश, जामीन आणि शेतजमिनीची खरेदी. प्रत्येकात हे असावे :

- पक्षकाराचे तोंडी निवेदन, एक पान, त्याच्याच बोलीत
- सातबारा, आठ-अ आणि संबंधित फेरफार (नावे बदलून)
- एखादा जुना कागद : खासरा पत्रक, पाहणी पत्रक किंवा जुने खरेदीखत
- वादाप्रमाणे मोजणी नकाशा, बँकेचा मेमो, नोटिशीची पोहोच, प्रथम खबर
- कामाचा नसलेला एक तरी कागद

खऱ्या पक्षकाराचे कागद वापरत असाल तर नाव, गाव, गट क्रमांक, आधार आणि फोन नंबर बदलून नवी प्रत टाइप करा. नावावर काळी पट्टी मारलेली झेरॉक्स चालत नाही. उजेडात धरली की खालचे अक्षर दिसते.

गठ्ठ्यात मुद्दाम दोन-तीन खोट ठेवा. खरेदीखतातले क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र जुळू नये. वारसांच्या फेरफारात एका बहिणीचे नाव नसावे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगीही सहदायक, म्हणजे जन्माने हिस्सेदार आहे. तिला सोडून वाटणीचा दावा लिहिला, तर आवश्यक पक्षकार नसल्याची हरकत पहिल्याच तारखेला येते. ही खोट विद्यार्थ्याला सापडली पाहिजे, तुम्ही ती सांगायची नाही.

निवेदनाचा बाज साधारण असा ठेवा :

«साहेब, गटात आमचा हिस्सा वरच्या अंगाला हाय. वाटणी वडील असतानाच झाली, पण कागद नाही. औंदा पेरणीच्या टायमाला त्यानं धुरा फोडला अन् चार तासं आमच्या रानात आला. तलाठ्याला सांगितलं, पोलिसात गेलो. कुणी लिहून घेतलं नाही.»

(तास म्हणजे नांगराची ओळ.) यात तारीख नाही, दिशा धड नाही, क्षेत्र नाही, वाटणीचा पुरावा नाही. खरा पक्षकार असाच बोलतो. छापील पुस्तकातला «अ» ने «ब» ला जमीन विकली छापाचा प्रश्न दिला की माहिती गोळा करण्याचे निम्मे काम आधीच झालेले असते, आणि नेमके तेच काम विद्यार्थ्याला येत नसते.

एका गठ्ठ्याचे चार प्रकार करा. तारखा, क्षेत्र आणि एखादा कागद बदला. शेजारी बसलेल्या दोघांचे उत्तर एकसारखे येऊच नये.

२. पहिला सराव लिहिण्याचा नाही, तारखांचा

गठ्ठा हातात दिल्यावर पहिल्या तासाला एकही कलम लिहू देऊ नका. चार रकान्यांचा तक्ता करून घ्या : तारीख, घटना, कोणत्या कागदावरून, काय कमी आहे. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यातूनच पक्षकाराला विचारायचे प्रश्न निघतात. मग तुम्ही पक्षकार होऊन बसा आणि विचारले तेवढेच सांगा.

मुदत मोजणे इथेच शिकवा. धनादेशाचा गठ्ठा त्यासाठी उत्तम. समजा, धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून २ जून २०२५ ला मिळाली. नोटीस ३० दिवसांत, म्हणजे २ जुलैपर्यंत पाठवायला हवी. ती १९ जूनला पाठवली, आरोपीला २४ जूनला मिळाली. पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस आहेत, ते ९ जुलैला संपले. तक्रारीस कारण १० जुलैला घडले. तिथून एक महिना म्हणजे १० ऑगस्ट, आणि तो रविवार. म्हणून ११ ऑगस्टला दाखल केलेली तक्रार मुदतीत आहे.

इथे तीन चुका हमखास होतात :

- «एक महिना» ऐवजी ३० दिवस मोजतात आणि ९ ऑगस्ट काढतात.
- १५ दिवस नोटीस पाठवल्यापासून मोजतात. ते मिळाल्यापासून मोजायचे.
- १५ दिवस पुरे व्हायच्या आत तक्रार लिहून मोकळे होतात. अशी तक्रार कायद्याच्या नजरेत तक्रारच नाही.

नोटिशीत धनादेशाची रक्कम पैशापर्यंत तंतोतंत यावी. व्याज आणि नोटीस खर्च मागायचा असेल तर वेगळा दाखवावा. सगळे एकत्र करून एकच आकडा मागणारी नोटीस पुढे अख्खे प्रकरण बुडवू शकते.

३. योग्य दार कोणते?

हा अर्ध्या तासाचा सराव आहे, पण टाळू नका. तीन ओळींचे सहा प्रसंग द्या आणि फक्त «कुठे जायचे» एवढेच लिहायला सांगा. शेताचा वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत जाता येते. रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३. शेजाऱ्याने धुरा कोरून जमीन घेतली, तर दिवाणी न्यायालय. मराठवाड्यात नव्या वकिलाकडे येणाऱ्या शेतीच्या कामात हे तीन वाद सतत भेटतात. दार चुकले की सहा महिन्यांची मुदत बोलता बोलता निघून जाते.

४. घटना आणि पुरावा वेगळे करणे

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६ नियम २ फळ्यावर लिहून ठेवा आणि सत्रभर पुसू नका : महत्त्वाच्या घटना लिहा, त्या सिद्ध करणारा पुरावा लिहू नका, थोडक्यात लिहा, कलमांना क्रमांक द्या, तारखा-रकमा-संख्या अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा.

त्यानंतर वर्गाला असे एक कलम द्या :

«वादी हा दावा मिळकतीचा मालक व कब्जेदार असून प्रतिवादी हा गुंड प्रवृत्तीचा इसम असून त्याने वादीचे शांततामय कब्जे-वहिवाटीस वारंवार हरकत अडथळा करून बेकायदेशीररीत्या धुरा फोडून अतिक्रमण केले असून वादीने वारंवार समजावून सांगूनही प्रतिवादी ऐकत नसल्याने सबब दावा दाखल करणे भाग पडले आहे.»

भाषा कोर्टाची वाटते, म्हणून विद्यार्थ्यांना ते आवडते. आता विचारा : धुरा कधी फोडला? कोणत्या बाजूचा? किती क्षेत्र गेले? प्रतिवादी आज आत आहे की बाहेर? एकाही प्रश्नाचे उत्तर त्या कलमात नाही. मग पुन्हा लिहून घ्या :

«४. दिनांक २१ (एकवीस) जून २०२५ रोजी सकाळी सुमारे ९ (नऊ) वाजता प्रतिवादीने वादी व प्रतिवादीच्या शेतांमधील पूर्व-पश्चिम धुरा ट्रॅक्टरने नांगरून काढला.

५. त्याच दिवशी प्रतिवादीने वादीच्या क्षेत्रापैकी दक्षिणेकडील ४ (चार) आर क्षेत्रात सोयाबीन पेरले. हे क्षेत्र सोबतच्या मोजणी नकाशात अ-ब-क-ड अक्षरांनी दाखवले आहे.

६. सदर ४ (चार) आर क्षेत्र आज प्रतिवादीच्या ताब्यात आहे.»

एका कलमात एकच घटना, आणि कर्ता वाक्याच्या सुरुवातीजवळ. «असून... असून... सबब» ही साखळी दिसली की तिथे कलम तोडायचे. मराठी मसुद्याची भाषा सुधारण्यासाठी एवढा एक नियम कसोशीने पाळला तरी अर्धे काम होते.

कलम ६ मुळे पुढची मोठी चूकही उघडी पडते. प्रतिवादी आत आला आहे, तर नुसती कायमची मनाई मागून भागणार नाही. ताबा परत मागितला पाहिजे, आणि मालकीच नाकारली असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली घोषणाही. जर्नलमधून उतरवलेल्या दाव्यांत विनंतीचे कलम दरवर्षी तेच असते, घटना काहीही असोत. म्हणून विनंतीच्या प्रत्येक उपकलमासमोर समासात पेन्सिलने लिहायला लावा : ही दाद कोणत्या कलमातल्या घटनेवर उभी आहे? क्रमांक लिहिता आला नाही, तर घटना राहिली आहे किंवा दाद चुकली आहे.

«चार तासं» चे «४ आर» कुठून आले, हेही विचारा. भूमी अभिलेखाची मोजणी झाली असेल तरच हा आकडा लिहिता येतो. झाली नसेल तर सुमारे म्हणून लिहायचे आणि आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनरचा अर्ज सोबत तयार ठेवायचा. त्या अर्जाचाही एक सराव होतो.

५. मिळकतीचे वर्णन : हा सराव स्वतंत्र घ्या

आदेश ७ नियम ३ प्रमाणे मिळकत ओळखता येईल असे वर्णन हवे. हुकूमनामा मिळूनही बजावणीत अडकलेली प्रकरणे पाहिली, तर दोष पुष्कळदा इथेच सापडतो. मराठवाड्यात हे काम जास्त जपून करावे लागते, कारण १९४८ पर्यंतचा कारभार निजामाच्या राज्यातला, जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि पुढे सर्व्हे नंबरांचे गट झालेले.

घेण्याचे उपसराव :

एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करणे. ४० गुंठे म्हणजे एक एकर, १०० आर म्हणजे एक हेक्टर, एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. जुन्या खरेदीखतात «२.२० एकर» लिहिलेले असते. ते २ एकर २० गुंठे असते, म्हणजे अडीच एकर, सुमारे १ हेक्टर १ आर. विद्यार्थी ते दशांश समजून २.२ एकर धरतो आणि ८९ आर काढतो. पक्षकाराची १२ आर जमीन दाव्यातून गळते.

जुना सर्व्हे नंबर ते आजचा गट. दोन्ही लिहा आणि त्यांना जोडणारा कागद यादीत दाखवा. १९५४-५५ चे खासरा पत्रक हाताळायला द्या. त्यातले रकाने आजच्या सातबाऱ्यासारखे नसतात. उर्दू कागद असेल तर भाषांतर जोडायचे, वाचून सांगितलेले गृहीत धरायचे नाही.

चतुःसीमा. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर असा क्रम ठरवून टाका. शेजाऱ्याचे आजचे नाव आणि गट क्रमांक दोन्ही लिहा. नुसते «नाला» किंवा «रस्ता» लिहू देऊ नका, कोणता ते लिहून घ्या. हिस्सा असेल तर आधी पूर्ण गटाची चतुःसीमा, मग हिश्शाची.

जिल्ह्यांची नावे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. आज लिहायच्या मसुद्यात नवे नाव, जुन्या दस्ताचा उल्लेख करताना दस्तातले जुने नाव जसेच्या तसे.

६. कैफियत : वह्या बदला

कैफियत म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर. वाद्यांच्या गटाने लिहिलेली वादपत्रे प्रतिवाद्यांच्या गटाला द्या. स्वतःच्या वर्गमित्राचा मसुदा फोडायचा म्हटल्यावर वाचन आपोआप बारीक होते. सोबत प्रतिवादीचे वेगळे निवेदन द्या.

आदेश ८ चे नियम ३ ते ५ इथे शिकवायचे. मोघम नकार चालत नाही, आणि जे स्पष्ट नाकारले नाही ते कबूल धरले जाऊ शकते. «वादपत्रातील कलम ४ मधील मजकूर खोटा असून प्रतिवादीस नाकबूल आहे» एवढेच लिहिलेली कैफियत परत करा. कलम ४ मध्ये तारीख, वेळ, धुऱ्याची दिशा आणि ट्रॅक्टर अशा चार गोष्टी आहेत. कोणती कबूल, कोणती नाकबूल, आणि प्रतिवादीच्या म्हणण्याप्रमाणे खरे काय घडले, हे तीन भागांत आले पाहिजे. धुरा मुळात होताच का, हा प्रतिवादीचा बचाव असेल तर तो वेगळ्या जादा कलमात.

३० दिवस आणि वाढवून ९० दिवसांपर्यंत, ही कैफियतीची मुदत वर्गातही पाळा, फक्त दिवसांऐवजी तास ठेवा. उशीर झाला तर कैफियतीसोबत विलंबमाफीचा अर्ज घ्या. सराव एकाने वाढतो.

७. निशाणी ५ आणि शपथपत्र

तात्पुरत्या मनाईच्या अर्जात (कोर्टात यालाच निशाणी ५ म्हणतात) विद्यार्थी वादपत्रच पुन्हा उतरवतो. त्याला फक्त एक पान द्या. प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल, भरून न निघणारे नुकसान. तिन्हींसाठी गठ्ठ्यातला एकेक कागद दाखवलाच पाहिजे.

शपथपत्रात कोणती कलमे स्वतःच्या माहितीने आणि कोणती मिळालेल्या माहितीवरून, हे क्रमांक घालून लिहायचे. माहिती कोणाकडून मिळाली तेही लिहायचे. «वरील सर्व मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे» हे वाक्य तालुका पातळीवर सर्रास चालते, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

८. जामीन अर्ज : दोन कायद्यांचा सांधा

१ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या. जुन्या जर्नलमधली फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे ४३७, ४३८, ४३९ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अनुक्रमे ४८०, ४८२, ४८३ झाले. पण गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर गुन्ह्याची कलमे भारतीय दंड संहितेचीच राहतात. म्हणून गठ्ठ्यातल्या दोन प्रथम खबरींपैकी एक मे २०२४ मधल्या घटनेची ठेवा आणि दोन्हींचे जामीन अर्ज आजच्या तारखेने लिहून घ्या.

दोषारोपपत्र वेळेत न आल्याने मिळणारा जामीन, कलम १८७(३), हा मोजणीचा सराव म्हणून घ्या. ६० किंवा ९० दिवस मोजताना रिमांडचा दिवसही धरतात. धनादेशाच्या मोजणीत पहिला दिवस सोडला होता. हे दोन्ही सराव पाठोपाठ ठेवले की फरक डोक्यात बसतो.

९. दस्तांचे १५ सराव

दस्तात वाद नसतो, म्हणून विद्यार्थी सैल लिहितात. खरेदीखताच्या गठ्ठ्यात इसार पावती, सातबारा आणि त्यावर «भोगवटादार वर्ग २» असा शेरा ठेवा. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना खरेदीखत लिहून आणणाऱ्याला शून्य. जमीन प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) कमी आहे का, हेही त्याने तपासायला हवे. त्यासाठी तुकडेबंदीच्या आजच्या तरतुदी शोधणे हाच सरावाचा भाग.

बक्षीसपत्रात लिहून घेणाराने स्वीकार केल्याचे वाक्य राहते. देणारा हयात असतानाच स्वीकार व्हावा लागतो. दोन साक्षीदार आणि नोंदणी सक्तीची. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेले किंवा त्याने सहीची कबुली दिलेली असावी, आणि दोघांनी त्याच्या समक्ष सही करावी. वर्गात तिघांना उभे करून हे प्रत्यक्ष करून घ्या. कोण कोणासमोर कधी सही करतो, हे वाचून लक्षात राहत नाही.

दस्त पूर्ण झाला की लिहून देणारा आणि लिहून घेणारा यांची भूमिका दोघांना देऊन तो मोठ्याने वाचायला लावा. ऐकणाऱ्याला कळले नाही ते वाक्य पुन्हा लिहायचे. दुय्यम निबंधक कार्यालयाची एक भेटही या टप्प्यावर ठेवा, आधी नको.

१०. तपासणी झेपेल अशी करा

६० विद्यार्थी गुणिले ३० सराव म्हणजे १८०० कागद. प्रत्येकी सहा मिनिटे दिली तरी १८० तास. म्हणूनच शिक्षक थकतात आणि जर्नलवर नुसत्या सह्या होतात. उपाय असा : प्रत्येक सरावात एकच गोष्ट बारकाईने तपासायची आणि ती आधी जाहीर करायची. एकात फक्त मिळकतीचे वर्णन, दुसऱ्यात फक्त विनंती. बाकीचे मुद्दे विद्यार्थी एकमेकांचे तपासतील. चुकांना सांकेतिक अक्षरे ठरवा : «ता» म्हणजे तारीख नाही, «क» म्हणजे कर्ता नाही, «पु» म्हणजे पुरावा लिहिला, «दा» म्हणजे दाद आणि घटना जुळत नाहीत. समासात अक्षर टाका, दुरुस्ती त्याने करायची.

तीन गुण असे वाटा : एक घटनांच्या अचूकतेला, एक रचनेला, एक दुरुस्त केलेल्या दुसऱ्या मसुद्याला. दुसरा मसुदा नाही, तर तिसरा गुण नाही. यावर कोणतीही सवलत देऊ नका, लिहिणे सुधारते ते याच फेरीत.

पहिला मसुदा वर्गात, हाताने. दुसरा टाइप करून, युनिकोडमध्ये. मोबाइलवरच्या यंत्राकडून लिहून घेतलेला मसुदा भाषेला गुळगुळीत असतो, पण त्यात गठ्ठ्यातला गट क्रमांक किंवा खोट सापडत नाही, आणि निवाडे कधी कधी अस्तित्वातच नसलेले असतात. म्हणून उद्धृत केलेल्या प्रत्येक निवाड्याचे पहिले पान जोडायला सांगा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर इथल्या खंडपीठासाठी रिट याचिकेचे सराव इंग्रजीत घ्यावे लागतात. तालुका-जिल्हा न्यायालयाचे मसुदे मात्र मराठीतच. दोन्ही भाषांत तोच मसुदा लिहून घेण्याचा मोह टाळा, विद्यार्थी दुसऱ्याचे भाषांतर करतो आणि दोन्ही बिघडतात.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या वकिलांना बोलवा आणि त्यांच्या हाती प्रश्नावली न देता विद्यार्थ्याची स्वतःची फाइल द्या. «कलम ५ कोणत्या कागदावर उभे आहे?» आणि «ही दाद का मागितली?» हे दोन प्रश्न पुरतात.

निकाल लागल्यावर सगळे गठ्ठे परत घ्या, मोजून घ्या. पुढच्या सत्राआधी तारखा, क्षेत्रे आणि लपवलेली खोट बदला, कारण या वर्षीच्या फाइली पुढच्या वर्गाकडे जाणारच.